तळ्याचा पडदा

रावेरला केळीच्या ट्रकांवर नंबर रंगवणारा बन्सीलाल शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तोताराम नानांकडे फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायला शिकू लागला. आधी आभाळ, मग सातपुडा, मग झाडं आणि शेवटी पाणी, असा नानांचा क्रम होता.

"अन् पाणी रंगवताना ब्रश तोंडात घालू नको," नाना एकदाच म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

पण नंबराची बारीक रेघ ओढायची, तर ब्रशचं टोक ओठांनी जुळवायचं, ही बन्सीलालची दहा वर्षांची सवय. स्टुडिओवाल्याला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत पडदा हवा होता. त्या घाईत तळ्यावरची शेवटची लाट काढताना ब्रश आपोआप तोंडात गेला.

रंगाची चव आलीच नाही. बेडूक कुजलेल्या डबक्याची आली, कोमट आणि बुळबुळीत. वाटीत रंग निळा होता, तरी तो थुंकला ती लाळ हिरवी निघाली.

जिभेवर केसासारखं काहीतरी चिकटून राहिलं. त्यानं ते चिमटीत धरून ओढलं. शेवाळाचा तंतू होता. आधी वीतभर आला, मग हातभर, घशातून सरकत, दातांना घासत, आणि संपेचना.

"नाना," तो कसाबसा म्हणाला.

नाना त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पडद्यावर होती.

"ओढू नको, बन्सी. तळं हलतंय."

बन्सीलालनं चिमूट सोडली. तेव्हा त्याच्या पोटातून कुणीतरी तो तंतू सावकाश आत ओढून घेतला.