ढिलं स्टिअरिंग

विमान चालवायला शिकणाऱ्या पुनमचा फोन आला, तेव्हा तिचा बाप विश्वंभर गोरेगावच्या स्टँडवर सेनगावच्या जीपमध्ये प्रवासी भरत होता.

“पप्पा, विमानाचा दांडा ढिला झालाय. काल कितीबी हलवला तरी विमान लवकर वळेना. आज पुन्हा तेच दिलंय. मला भेव वाटून राहिलं. न्हाई म्हणू का सरांना?”

विश्वंभर हसला. “अगं, आपल्या जीपचं स्टिअरिंग अर्धा फेरा रिकामंच फिरतं. कधी काही झालं का? जा बिनधास्त.”

पुनमची तेरवी झाली अन् दुसऱ्याच दिवशी त्यानं जीप गॅरेजला लावली. “स्टिअरिंग घट्ट करून दे.”

मिस्त्री म्हणाला, “काका, इतकी वर्षं बराबर चालवली की! आता काहून?”

“पोरीला भेव वाटून राहिलं,” विश्वंभर म्हणाला.