मोल्दोव्हाचे पेढे

शेजारच्या मोल्दोव्हाला युरोपियन युनियनमध्ये घ्याच, असं रोमानियाने पुन्हा ठणकावलं. बातमी ऐकताच सुचेता पेढे घेऊन इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये राहणाऱ्या आपल्या मोल्दोव्हन शेजारणीकडे, लिलियाकडे धावली. लिलियाने नुकताच मोल्दोव्हातल्या आईचा फोन ठेवला होता.

"अगं, काँग्रॅट्स! तोंड गोड कर आधी. आई खूश असेल ना?"

"तिला म्हटलं, तळघरात प्यायचं पाणी भरून ठेव."

"एवढी चांगली बातमी, आणि तू घाबरतेस?"

"युक्रेनला युनियनमध्ये घ्यायची बोलणी निघाली, तेव्हा खारकीवच्या माझ्या मावशीने केक कापला होता. पुढे रशियाचा बॉम्ब तिच्याच गल्लीत पडला."

सुचेताने उघडलेला डबा पटकन बंद केला, आणि उठून खिडकीचा पडदा ओढला.