पळसपानांचा देह

ओटीवर अंतरपाट धरला गेला होता आणि वधू अजून माजघरातच होती.

अलीकडे पाट रिकामा, पलीकडे भार्गव उभा. तीन दिवसांपूर्वी त्याला तुपाच्या हंड्यात बसवून बाहेर काढले, त्याचे जातकर्म केले, कानात नाव सांगितले. आज सकाळी मुंजही लागली. चाळिशी उलटलेल्या त्या पुरुषाच्या केसांना अजून तुपाचा वास येत होता.

आफ्रिकेला गेलेल्या भार्गवाचा बारा वर्षे ठावठिकाणा लागला नाही, तेव्हा मिरजोळ्याच्या याच घराने पळसाच्या पानांचा देह करून त्याचे यथाविधी दहन केले होते. असा दहन झालेला मनुष्य परत आला, तर त्याने नव्याने जन्म घ्यावा आणि आपल्याच स्त्रीशी पुन्हा विवाह करावा, असे शास्त्र सांगते. दाजीशास्त्री त्यातले एक अक्षर गाळणारे नव्हते.

“मूल गुणी हो,” घरापुढच्या खळ्यातून काशीकाकू म्हणाल्या. “जन्मलं तेच मिशांसकट! आणि सुईण घरात असून तिला कोणी बोलावलं नाही.”

बायका पदराआड हसल्या.

वधू गंगा रत्नागिरीच्या प्रसूतिगृहात परिचारिका होती. परदेशी गेलेल्याच्या स्त्रीने उंबरठा ओलांडू नये, म्हणून ती बारा वर्षे घरात राहिली. विधवा झाल्यावर तिच्याकडे कोणी पाहीनासे झाले, तेव्हा ती काम शिकली आणि एस.टी.ने जाऊयेऊ लागली. लग्न लागले की ते काम सुटणार, हे काल ओटीवर ठरले. तिला कोणी विचारले नव्हते.

सासूबाई हिरव्या बांगड्यांचे ताट घेऊन माजघरात आल्या.

“ऊठ गो. मुहूर्त टळेल. माझा मुलगा यमाच्या दारातून परत आलाय आणि तू पांढऱ्या पातळात बसल्येस!”

गंगा उठली. बांगड्यांना तिने हात लावला नाही. ती ओटीच्या दारात येऊन उभी राहिली.

“शास्त्रीबुवा, एक विचारू?”

“विचार.”

“या क्षणी मी कोण?”

दाजीशास्त्र्यांच्या अक्षता मुठीतच राहिल्या. त्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिले, एकदा अग्नीकडे.

“मंगलाष्टके पूर्ण होईपर्यंत,” ते सावकाश म्हणाले, “तू विधवा आहेस.”

“आणि हे?”

“ब्रह्मचारी.”

“गंगे!” अंतरपाटामागून भार्गवाचा स्वर आला. “मी तोच आहे गो. आवाज ओळखत नाहीस?”

चौकटीवरची तिची बोटे आवळली गेली.

“ओळखला. तुम्ही सुखरूप आलात, फार बरं झालं.” मग ती वळली. “सासूबाई, आपल्या घराण्यात विधवेचं लग्न आजवर झालेलं नाही. ते माझ्यापासून सुरू करायचं का?”

सासूबाईंनी बाहेर पाहिले. खळ्यात भावकी बसली होती, सोयरे बसले होते. सारा जन्म त्यांनी याच रीतीचा अभिमान बाळगला होता. त्या ताट घेऊनच पुढे झाल्या.

“शास्त्रीबुवा, तुम्ही तरी सांगा हिला!”

“विधवेने विवाह केलाच पाहिजे,” दाजीशास्त्री म्हणाले, “असे मला कोठेही आढळलेले नाही.” त्यांनी मूठ उघडली आणि अक्षता तबकात परत ठेवल्या.

गंगेने त्यांना वाकून नमस्कार केला. कोनाड्यातली कामावरची पिशवी घेतली आणि ती खळे ओलांडून निघाली. बायकांनी पाय आखडून तिला वाट दिली. काशीकाकूंनीही.

अंतरपाट धरणाऱ्या दोघांना, तो खाली घ्या, असे कोणी म्हटले नाही. ते तसेच उभे राहिले. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावले वाजत होती. ती येणारी की जाणारी, हे वस्त्रामागून कळत नव्हते.

“आली का?” भार्गवाने विचारले.