आठची मोजणी

“पस्तीस,” मोजणीकाकांनी फोन डोक्यावर धरून सगळ्यांना आकडा दाखवला. “सांगितलं होतं शंभरचं स्पीड, आणि भरतंय पस्तीस.”

इमारतीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या साठ-सत्तर जणांनी लगेच आपापले फोन काढले. कुणाचे तीस, कुणाचे बावीस. एकाचे तर अकराच भरले, आणि त्याने ते असे पुकारले की जणू बक्षीस लागले होते. पहिल्या रांगेत मोठ्या इंटरनेट कंपनीचा टायवाला माणूस मांडीवर माहितीपत्रकांचा गठ्ठा घेऊन बसला होता. त्याला तोंड उघडायची गरजच पडत नव्हती.

नेटवाल्या ताई खांबाला टेकून उभ्या होत्या. बारा वर्षांपूर्वी या इमारतीतली पहिली तार त्यांनीच गच्चीवरून खाली सोडली होती. त्यांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइके इथेच राहत. आज सभेने कंपनीच्या बाजूने कौल दिला, की त्यांच्या दुकानाला कुलूप लागणार, हे त्यांना आणि सभेलाही ठाऊक होते.

काका तसे वाईट नव्हते. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेला माणूस. त्यांची सून घरून काम करायची, आणि रोज रात्री आठच्या मीटिंगमध्ये तिचे नेट हमखास तुटायचे. साहेबाने तिला दोनदा झापले, तेव्हा काकांनी हे प्रकरण हातात घेतले. पावणेआठपासून दर दोन मिनिटांनी ते स्पीड मोजत आणि आकडा इमारतीच्या ग्रुपवर टाकत. मग बाकीच्यांनाही चेव आला. आता आठ वाजले, की अख्खी इमारत मोजायला बसे. ताईंनी या वर्षात दोनदा स्पीड वाढवले. दोन्ही वेळा ते खरेच वाढले का, हे बघायला लोक आणखी जोरात मोजू लागले.

“तुम्ही मोजता म्हणून कमी भरतं,” ताई म्हणाल्या.



“म्हणजे ताप थर्मामीटरमुळे येतो म्हणा की,” मागून कुणीतरी म्हणाले, आणि पार्किंग हसून हसून दणाणले.

“ते अ‍ॅप मिळेल तेवढं सगळं नेट ओढून बघतं, तेव्हा कुठे आकडा सांगतं. टाकीत पाणी आहे का हे बघायला सगळ्यांनी एकदम नळ सोडले, तर टाकीचं काय होईल?”

“सबब झकास आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “पण ताई, मतदान घेऊन मोकळे होऊ. उगाच कशाला वेळ घालवायचा?”

महिनाभर ताईंनी जीभ आवरली होती. त्याआधी एकदा ग्रुपवर हेच समजावले, तेव्हा उत्तरादाखल हसरी तोंडे आली होती. आता मात्र डोक्यावरून पाणी गेले. त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढत आणून मधोमध ठेवली.

“फोन ठेवा इथे. सगळ्यांनी. आठला पाच कमी आहेत. सव्वाआठपर्यंत कुणी मोजायचं नाही. फरक पडला नाही, तर उद्या सकाळी मी स्वतः गच्चीवर चढून माझी तार कापते. मतदानाची तसदी नको.”

टायवाला पहिल्यांदाच बोलला. “पण मॅडम, मोजल्याशिवाय फरक कळणार कसा?”

“ज्याला वापरायचंय त्याला कळेल.”

कुरकुरत, एकमेकांकडे बघत लोक उठले. खुर्चीत फोनांचा ढीग झाला. काका सगळ्यांत शेवटी आले.

“सूनबाईची मीटिंग आहे आठला,” ते म्हणाले. “आज तुटली तर?”

“तर कात्री तुमच्याच हातात देते.”

आठ वाजले. फोन नसल्यामुळे हातांचे काय करावे, हे कुणालाच सुचेना. कुणी खुर्चीचे हात चोळले, कुणी शेजाऱ्याला बऱ्याच दिवसांनी तब्येत विचारली. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले होते. वरच्या घरांमध्ये आणखी कुणी मोजत बसले असेल, तर सगळेच संपले. रागाच्या भरात आपण बारा वर्षे पणाला लावली, हे त्यांना आत्ता कुठे जाणवत होते. पण खांबाला टेकायला त्या परत गेल्या नाहीत. खुर्चीजवळ तशाच ताठ उभ्या राहिल्या.

सव्वाआठला दोनेक मिनिटे असताना पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीचे दार उघडले. काकांची सून कानावरचा हेडफोन मानेवर ढकलत कठड्याशी आली. सगळ्यांच्या माना वर झाल्या. ताईंनी डोळे मिटून घेतले.

“बाबा, आज एकदाही तुटलं नाही हो,” ती वाकून म्हणाली. “साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं शेवटपर्यंत. कंपनीची तार जोडली पण इतक्यात? त्यांना थँक्यू सांगा. मला दुसऱ्या मीटिंगला बसायचंय.”

आणि ती आत गेली.

कुणी हसले नाही. सेक्रेटरींनी मतदानाच्या चिठ्ठ्या खिशात घातल्या. टायवाला गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिला. काका बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

मग ते उठले, ढिगातून आपला फोन शोधून काढला आणि काच सदऱ्याला पुसली. अंगठा थेट त्या अ‍ॅपवर गेला.

“किती भरतंय, तेवढं बघतो फक्त.”

ताईंनी फोनवर तळहात ठेवला.

“खाली ठेवा, काका. वर पोरगी कामाला बसलीय.”