साहेबाची चौकट

निवृत्तीनं खांबाच्या बुडाशी नारळ फोडला, तसा बार्लो साहेब अनवाणीच बंगल्यातून धावत आला.

"नको, नको! हा देव नाय!"

आता ऐकतं कोण! नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमागं पडीक रान होतं. तिथं साहेबानंच हे दोन खांब रोवले होते आणि वर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाटेच्या नवारीची पांढरी पट्टी ताणून बांधली होती. साहेब जिनिंगच्या इंजिनावरचा. ना बायको, ना पोर, ना विलायतेतून कधी एखादं पत्र. दर शनिवारी तीनचे टोले पडले की तो ह्या चौकटीत येऊन उभा राही. पट्टीकडे बघून काहीतरी पुटपुटे आणि मान खाली घालून परत जाई. बारा वर्षं हेच. मग लोकांनी समजावं तरी काय? गावातल्या तानुबाईनं एक दिवस दोन्ही खांबांना शेंदूर फासला. एकदा शेंदूर लागला की संपलं! ह्या चौकटीत उभं राहून खोटं बोललं तर जीभ झडते, असं गाव म्हणू लागलं.

"शालिग्राम, सांग यांना," साहेब कळवळून म्हणाला. "हा खेळ. फुटबॉलचा दरवाजा."

शालिग्राम भट्टीत कोळसा टाकणारा. साहेबाशी दोन शब्द बोलणारा गावात तेवढा एकच. फुटबॉलची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. तीस वर्षांपूर्वी साहेबाच्या मुलखात, दोन गिरणीगावांत चांदीच्या कपासाठी सामना झाला. तेव्हा दरवाजावर आडवं लाकूड नसे, नुसती फीत असे. साहेब दरवाजा राखत होता आणि समोरच्या गावाकडून त्याचा थोरला भाऊ खेळत होता. शेवटच्या घटकेला भावानं चेंडू हाणला. फीत थरथरली. चेंडू फितीच्या वरून गेला, की खालून जाऊन गोल झाला, पंचांना दिसलं नाही. तेव्हा भाऊ म्हणाला, माझ्या भावाला विचारा, तो सांगेल ते मला कबूल. साहेब म्हणाला, वरून. कप साहेबाच्या गावाला मिळाला. भाऊ त्या दिवसापासून बोलला नाही.

"हरल्याचा एवढा राग? लय कोत्या मनाचा भाऊ सायेब तुमचा!" शालिग्राम दर वेळी म्हणे. साहेब दर वेळी चिलीम पेटवायला लागे.

आज मात्र शालिग्रामनं हात जोडले. "राहू द्या सायेब. दोन भावांचा मामला हाये. तुमचं काय जाते?"

निवृत्ती आणि मोतीराम सख्खे भाऊ. वाटणी झाली आणि शेतं शेजारशेजारची आली. एका उन्हाळ्यात मधल्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड मोतीरामच्या रानात नांगराची तीन तासं आत सरकला. दगडाला काही पाय फुटत नाहीत. पण निवृत्ती म्हणे, मी नाही हात लावला. नऊ वर्षं दोघांच्या चुली एकमेकींच्या धुराकडे बघत राहिल्या, बोलणं मात्र नाही. आज मोतीरामनंच गावच्या पंचांना सांगितलं होतं, की निवृत्तीनं साहेबाच्या चौकटीत उभं राहून सांगावं. तो सांगेल ते मला कबूल.

शालिग्रामच्या तोंडून ते शेवटचे शब्द ऐकले आणि साहेबाचा आरडाओरडा थांबला. तो खांबाला धरून उभा राहिला.

निवृत्ती पट्टीखाली गेला. पन्नाशीचा धिप्पाड गडी. त्यानं वर पाहिलं. वाऱ्यानं पट्टी जराशी हलली, बस्स. निवृत्तीनं डोक्यावरचं पागोटं काढलं.

"दगड म्याच सरकवला," तो म्हणाला. "रातीच सरकवला. माह्यावर थुका आता."

पंच एकमेकांकडे बघू लागले. मोतीराम उठला. आता हाणतो की काय, म्हणून शालिग्राम मधे व्हायला निघाला. पण मोतीराम भावापुढं जाऊन उभा राहिला आणि रडायलाच लागला.

"मले काय माहीत नव्हतं का बे? पहिल्याच दिवशी माहीत होतं. जमीन ने ना तू! तुह्या तोंडून ऐकाचं होतं मले. नऊ वर्सं वाट पाहून राह्यलो."

मग काय, दोघं गळ्यात पडले. पंचांनी खोबरं वाटलं. तानुबाईनं चौकटीपुढं डोकं टेकवलं. माणसं हसत-बोलत गावाकडे गेली आणि पडीक रानात साहेब व शालिग्राम एवढेच उरले. हंगाम संपलेला, इंजिन थंड. कशाचाच आवाज नव्हता. साहेबाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा होता आणि तो त्याकडे नुसता बघत होता.

"तार ऑफिस उघडं?" त्यानं एकदम विचारलं.

"असंन की. काऊन?"

साहेब चालायला लागला. पायात काही नाही, डोक्यावर टोपी नाही. शालिग्राम बंगल्यातून त्याचे जोडे हातात घेऊन मागं पळाला. स्टेशनापर्यंत अख्खा बाजार तोंडात बोट घालून बघत होता. तारबाबूनं फॉर्म पुढं केला. साहेबानं वर भावाचं नाव आणि गाव लिहिलं. मग खूप वेळ टाक नुसता धरून बसला.

"तीस वर्सं झाले सायेब," शालिग्राम हळूच म्हणाला. "हाये का तो अजून?"

"माहीत नाय," साहेब म्हणाला आणि एकच शब्द लिहून त्यानं कागद आत सरकवला.

तारबाबूनं तो उलटसुलट करून पाहिला. "एवढंच? ह्यावरून समोरच्याला काय समजणार?"

"त्याला समजेल."

"काय लिवलं सायेब?" शालिग्रामला राहवेना.

साहेबानं त्याच्या हातातले जोडे घेतले. डोळे भरून आले होते आणि ते तो पुसतही नव्हता.

"खालून," तो म्हणाला.