कोकोवरचा तेलाचा थर

रुताने चारही रिकाम्या बाटल्या आईपुढे चटईवर आपटल्या.

"तुझ्या पेटीमागे सापडल्या. काय आहे हे?"

फुआटिनो कच्ची केळी सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तुला इंग्रजी येतं. वाच की."

"वाचलं! चरबी उतरवणाऱ्या तेलाच्या कॅप्सूल. आटालिनाने गळ्यात मारल्या ना?"

आटालिना म्हणजे पाद्रीबुवांची मेहुणी. ऑकलंडहून खोकी भरून बाटल्या घेऊन आली होती. प्रार्थना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर विकायला बसायची. चांगली चरबी पोटात गेली की वाईट चरबी पळते, म्हणे! रुता इस्पितळात नर्स होती. या कॅप्सूल घेणाऱ्या गावातल्याच तिघी या महिन्यात तिच्यासमोर येऊन बसल्या होत्या. तिघी बारीक झाल्या होत्या, गाव कौतुक करत होतं, आणि तिघींच्या रक्तातली साखर भडकली होती. एकीच्या यकृतावर चरबी चढली होती. हे सगळं आठवून रुताच्या अंगाचा तिळपापड झाला.

"नुसता वजनकाटा बघता तुम्ही! आत काय जळतंय ते कोण बघणार? बाबांचे दोन्ही पाय कापले साखरेनं. तरी अक्कल आली नाही तुला?"

"तूच चर्चमध्ये उभी राहून सांगितलंस ना, वजन उतरवा, नाहीतर बापाची साखर लेकराला गाठते?"

"चालून उतरवा म्हणाले होते!"

"ओरडू नकोस. कोको निवतोय तुझा. मी एकही कॅप्सूल खाल्लेली नाही."

"मग काय उंदरांनी खाल्ल्या?"

तिने रागारागाने कप उचलला. घरच्या बियांचा दाट कोको, वर तेलाचा चकचकीत थर. गावच्या कोकोला तेल सुटतंच. यंदा जरा जास्तच सुटत होतं. तिने तो घटाघट संपवला आणि त्यावर ती दोन पेले पाणी प्यायली. सकाळी सातलाच घशाला कोरड पडत होती, असला उकाडा. गणवेश कमरेत पुन्हा सैल झाला होता. रोज इस्पितळापर्यंत चालत जायचं तिने ठरवलं होतं, त्याचं फळ दिसत होतं. आईला मात्र चालायला नको, बाटल्या हव्यात!

"बोट पुढे कर."

फुआटिनोने निमूटपणे बोट दिलं. रुताने टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि पट्टी लावलेल्या साखर मोजायच्या यंत्राकडे पाहत राहिली. पाच. इथल्या मापात सातच्या आत म्हणजे अगदी ठणठणीत.

"शक्यच नाही. यंत्र बिघडलंय."

खात्री करायला तिने नवी पट्टी लावली आणि स्वतःचं बोट टोचलं.

सतरा.

"बघ, बिघडलंच आहे," रुता म्हणाली.

नवऱ्यामुळे फुआटिनोला ते आकडे पाठ होते. तिच्या हातातलं केळं खाली पडलं. ब्लाउजला अडकवलेली टाचणी तिने काढली आणि मुठीत गच्च धरली.

"तुला सांगून तू घेतल्या नसत्यास, पोरी," ती म्हणाली. "म्हणून मी रोज तीन फोडून तुझ्या कोकोत पिळत होते."