हलकी सिस्टीम

"अँटिव्हायरस बंद करा, मगच पुढे जाता येईल," अशी सूचना पडद्यावर आली. लिफ्ट-तपासनिसानं तो बंद केला.

बायको मागे उभी होती. "हे बरोबर आहे का?"

"अगं, नेहमीची सिस्टीम तुझ्या या डबड्याला झेपत नाही. यात नको ते सगळं छाटून टाकलंय. एका साइटवर फुकट मिळाली. बघ कशी पळते ती."

लॅपटॉप खरंच रडतखडत चालायचा. त्यात तिचा वटवाघळांच्या आवाजांवरचा प्रबंध होता, सगळ्या रेकॉर्डिंगसकट. सोमवारपर्यंत तो विद्यापीठात पोचला, तरच परदेशातली नेमणूक पक्की होणार होती. तिथं तिघांनी जायचं की मायलेकींनीच, हा विषय निघाला की घरात कुणालातरी तहान लागायची आणि बोलणं तिथंच राहायचं.

"दुसरीकडे कॉपी ठेवलीयस ना?" त्यानं विचारलं.

"नाही. जे आहे ते यातच."

"बरं. काळजी करू नकोस, तुझ्या फाइलींना धक्का लागत नाही."

तसा तो फार जपून वागणारा माणूस. औषधाच्या बाटलीचं सील दोनदा तपासायचा. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्याचा मेहुणा म्हणायचा, "आमचे भावोजी लिफ्टमध्ये शिरण्याआधी तिच्याकडे ओळखपत्र मागतात."

रविवारी सकाळी लॅपटॉप चटकन सुरू झाला. दुपारपर्यंत मात्र काहीही उघडलेलं नसताना त्याचा पंखा घरघरायला लागला. कॅमेऱ्याचा दिवा लागला, विझला, परत लागला.

"बाबा, आत कोण आहे?" मुलीनं विचारलं.

"कुणी नाही गं." त्यानं भिंगावर जखमेची पट्टी चिकटवली.

मग फाइलींची चित्रं पांढरी पडू लागली. आधी एक, मग तिच्या शेजारची. कुणीतरी घरभर फिरून एकेका खोलीतला दिवा मालवत जावा, तसं. त्यानं वायर उपटली. बॅटरीवर ते चालूच राहिलं. शेवटी पडदा काळा झाला आणि त्यावर खंडणीचा मजकूर उमटला.

बायको खुर्चीत बसून राहिली. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझंच चुकलं. आपण परत लिहू. घाई कसली आहे? पुढच्या वर्षी बघू."

मेहुणा धावत आला. त्यानं बराच वेळ खटाटोप केला, मग बॅग आवरायला घेतली.

"ताई, यातलं काहीच हाती लागणार नाही. भावोजी, मी तुम्हाला अस्सल सिस्टीमचा पेनड्राइव्ह दिला होता की!"

"ती जड वाटली रे. म्हटलं, हलकी बघू."

"पण नेमकी हीच साइट? गेल्या महिन्यात जेवताना मीच सांगितलं होतं तुम्हाला, हिच्यामुळे माझी तीन गिऱ्हाइकं बुडाली म्हणून."

"नाव नाही लक्षात राहिलं."

"तुमच्या? तुम्हाला तर शहरातल्या लिफ्टचे नंबर पाठ असतात!"

"ओरडू नकोस त्याच्यावर," बहीण म्हणाली. "चूक कुणाच्याही हातून होते. तू जा, दुकान उघडं टाकून आलायस."

भाऊ पुटपुटत जिना उतरला. दार लावून ती परत आली आणि नवऱ्यासमोर बसली. तिचे डोळे कोरडे होते.

"प्रबंध पोचलाय," ती म्हणाली. "शुक्रवारीच पाठवला मी."

तो हसला. हसू यायला जरा वेळ लागला. "अगं मग... चांगलंच झालं की. सांगायचं नाही का? मग हे डबडं माझ्याकडे कशाला दिलंस?"

"तुझं तिकीट काढायचं की नाही, ते ठरत नव्हतं."